पाच मिनिटांच्या फोनवर निवाडा नको

नोकरीसाठी फोनवरून घेतल्या जाणाऱ्या मुलाखतींबद्दल पुण्यात जी वादावादी चालते, ती ऐकून दोन्ही बाजूंबद्दल वाईट वाटतं. अनुभवी मंडळी म्हणतात, आजकालच्या पोरांना जरा कुणी घाई केली की लगेच मान दुखावतो. आम्ही भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांच्या गेटवर उन्हात उभे राहायचो, आत घेतलं तर घेतलं. तरुण उमेदवार म्हणतात, ही फोनची भानगडच बंद करा, समोर बसवून तासभर नीट बोला. पहिली बाजू आपण सोसलेला अन्याय पुढच्यांनीही सोसावा असं मागते आहे. दुसरी बाजू भलत्याच गोष्टीवर राग काढते आहे. माझा फोनला विरोध नाही आणि कमी वेळालाही नाही. पाच मिनिटांच्या घाईच्या फोनवर उमेदवाराची कागदावरची माहिती खरी आहे का, तो येऊ शकेल का, पगाराचं गणित जुळतं का, एवढं खुशाल तपासावं. त्याच्या कुवतीचा निवाडा मात्र त्या फोनवर करू नये. निवाडा करायचा असेल तर आधी वेळ ठरवून घ्यावी, सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारावेत आणि काय ठरलं ते कळवावं.

हे फोन कसे होतात ते ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगतो. माझ्या एका स्नेह्यांची मुलगी नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहते. खोलीत चौघी, त्यातल्या दोघी रात्रपाळी करून झोपलेल्या. सकाळी सव्वाअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडच्या व्यक्तीने स्वतःचं नाव भरभर सांगितलं, कंपनीचं सांगितलंच नाही. ‘क्लायंट’ एवढाच उल्लेख. आत्ता बोलू शकाल ना, हे विचारलं आणि उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न सुरू. मुलगी अनवाणीच जिन्यात आली, तिथे आवाज तुटायला लागला म्हणून गच्चीवर गेली. गच्चीवर शेजारच्या बांधकामाचं ड्रिल चालू. नोटीस पिरियड किती, सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, हिंजवडी फेज थ्रीला रोज यायला जमेल का, आणि त्याच दमात इंग्रजीतून, इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइन, म्हणजे डेटाबेसमधली दोन टेबलं जोडायच्या दोन पद्धती, यांतला फरक सांगा. तिने दोन वर्षं डेटाबेसवरच काम केलेलं आहे. उदाहरण देऊन समजवावं म्हणून ती दोन टेबलांचं वर्णन करू लागली, तेवढ्यात ‘ओके ओके, वुई विल गेट बॅक टू यू’ झालं आणि फोन बंद. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. त्यानंतर मेल नाही, फोन नाही, आणि त्या नंबरवर परत फोन लावला तर कुणी उचलत नाही. आपल्याला कुठल्या कंपनीने नाकारलं हेसुद्धा तिला आजतागायत माहीत नाही.

भरती करणाऱ्यांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं आधी मान्य करायला हवं. पोर्टलवर जाहिरात पडली की एका बटणावर अर्ज जातो. ज्याला ते काम येतं तोही अर्ज करतो आणि ज्याने जाहिरात वाचलेली नाही तोही. बायोडेटात अनुभव फुगवलेला असतो. एकाच्या नावावर दुसराच बोलतो, त्याला या धंद्यात प्रॉक्सी म्हणतात. ऑफर लेटर घेऊन रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवणारे आहेत आणि एका ऑफरच्या जोरावर दुसरीकडे पगार वाढवून घेणारेही आहेत. एचआरच्या माणसाने या सगळ्याचा धसका घेतला असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? शिवाय फोन करणारी व्यक्ती पुष्कळदा कंपनीची नसतेच. एखाद्या कन्सल्टन्सीत बसलेली, नुकतीच पदवी घेतलेली मुलगी असते. दिवसाला इतके फोन, आठवड्याला इतकी प्रोफाइल पुढे पाठवायची, असं टार्गेट तिच्या डोक्यावर. संध्याकाळी तिलाही कदाचित तशाच एखाद्या कॉट बेसिसच्या खोलीवर परतायचं असतं. तिला उद्धट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण समोरच्या कागदावर लिहिलेल्या तांत्रिक प्रश्नाचं उत्तर बरोबर की चूक हे तिला कळत नाही, यात तिचा काय दोष? जे तिला कळत नाही त्याचा निकाल तिच्यावर सोपवणाऱ्याला जाब विचारायला हवा.

आता फोनबद्दल. समोरासमोरच्या मुलाखतीची ओढ मला समजते, पण तिची किंमत कोण मोजतो? सोलापूर-धाराशिवकडच्या मुलाने रात्रीची एसटी धरायची, पहाटे स्वारगेटला उतरून तोंड धुवायचं, इस्त्रीचा शर्ट पिशवीतून काढून अंगात घालायचा आणि दोन बस बदलून हिंजवडी गाठायची. तिथे वॉक-इनची रांग. दुपारी तीनला कुणीतरी बाहेर येऊन उरलेल्यांचे बायोडेटा गोळा करणार आणि कळवतो म्हणणार. हे दिवस परत आणावेत असं ज्यांना वाटतं, ते बहुधा पुण्यातच राहणारे असावेत. अंतर ही संधी हिरावून घेण्याची फार जुनी रीत आहे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये १८५५ पासून स्पर्धा परीक्षेने भरती होऊ लागली आणि कागदोपत्री ती भारतीयांनाही खुली होती. पण परीक्षा व्हायची लंडनमध्ये. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, ते पहिले भारतीय. पुढे आपल्या साताऱ्यालाही ते न्यायाधीश होते. नंतर परीक्षेची कमाल वयोमर्यादा एकविसावरून एकोणिसावर आणली गेली, म्हणजे शाळा संपते न संपते तोच मुलाला बोटीवर चढवायचं. ही परीक्षा इंग्लंडबरोबर भारतातही घ्या, यासाठी दादाभाई नौरोजींसारख्यांनी आयुष्यभर खटपट केली. १८९३ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभागृहाने तसा ठरावही केला, आणि तो तसाच पडून राहिला. भारतात परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडलं. एवढ्या लढ्यानंतर पदरात पडलेली गोष्ट आज खिशातल्या फोनने जिल्ह्याजिल्ह्यातल्या मुलांना फुकट दिली आहे. ती का म्हणून परत करायची?

आणि तासभर बोललं की न्याय होतो, ही समजूत तरी कुठून आली? गाव कुठलं, वडील काय करतात, आमच्या कॉलेजचे अमुक सर अजून आहेत का, अशा गप्पांत पाऊण तास सहज जातो आणि शेवटी ‘मुलगा चांगल्या घरातला वाटला’ एवढाच शेरा उरतो. मुलाखतीच्या नावाखाली वशिला याच वाटेने आत शिरत आला. अमेरिकेत फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये, भरतीच्या पद्धतींवर पंचाऐंशी वर्षांत झालेल्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. आधी ठरवलेले तेच प्रश्न सगळ्यांना विचारून, आधी ठरवलेल्या मोजपट्टीने गुण देणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा माणसाच्या पुढच्या कामाचा अंदाज जास्त नीट देते, हे त्यात दिसलं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ती आकडेमोड नव्याने तपासली, बरेच जुने आकडे खाली आणले, तरी अशी बांधीव मुलाखत अग्रभागीच राहिली. म्हणजे भांडण मिनिटांवरून करण्यात अर्थ नाही. वीस मिनिटांची, फोनवरची पण बांधीव मुलाखत ही वातानुकूलित खोलीतल्या तासभराच्या गप्पांपेक्षा उमेदवाराला जास्त न्याय देते. तरुणांनी मागणी करायचीच तर ही करावी.

मग मिनिटांना काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या प्रवेशांचा तो खटला, अजय हासिया या नावाने १९८१ च्या निकालांत नोंदलेला. लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडीला ५०. उमेदवारांची तक्रार अशी की तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरकली आणि त्यातही वडील कोण, राहता कुठे, असलेच प्रश्न विचारले. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालपत्राने तोंडी परीक्षा मुळातच बाद ठरवली नाही. तिच्यात मर्जीला वाव असतो हे मान्य करूनही तिचा उपयोग नाकारला नाही. पण एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तिच्यावर ठेवणं मनमानीचं आहे, पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि सरासरी दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या मुलाखतीने उमेदवाराची पारख होऊच शकत नाही, असं स्पष्ट म्हटलं. पुढे एक सूचनाही केली, की मुलाखती टेप करून ठेवाव्यात म्हणजे पुढे वाद झाला तर तपासता येईल. टेपरेकॉर्डर ही तेव्हा मुद्दाम आणावी लागणारी वस्तू होती. आज बऱ्याच कंपन्यांच्या कॉल सेंटरमध्ये ग्राहकाचा फोन रेकॉर्ड होतो आणि तो दर्जा सुधारण्यासाठी होतो असं आपल्याला ऐकवलंही जातं. उमेदवाराचा फोन तेवढा का वगळायचा?

घटनेतलं समानतेचं चौदावं कलम खासगी कंपनीला लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पैसा तिचा, नोकरी तिची, ती कुणालाही घेईल, हा युक्तिवाद इथेच केला जातो. पण दोन-तीन मिनिटांत पारख होत नाही, हे सांगायला कायद्याचं कलम लागत नाही. सरकारी कॉलेजात जी गोष्ट अशक्य, ती खासगी कार्यालयात शक्य कशी होईल? शिवाय खासगी नोकरभरती हा निव्वळ खासगी मामला आहे, असं या देशाने कधी मानलेलं नाही. पंचवीस किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनीही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्यात, असा कायदा १९५९ सालीच झाला. घ्या कुणालाही, पण जागा आहे हे लोकांना कळू द्या, इतकी माफक अपेक्षा त्यात होती. हिंजवडीचं आयटी पार्क तरी एमआयडीसीने विकसित केलेल्या जमिनीवरच उभं आहे ना? तरीही मी नवा कायदा मागत नाही. फोनच्या मुलाखतीवर इन्स्पेक्टर नेमला तर त्याचे हप्ते तेवढे सुरू होतील.

शितावरून भाताची परीक्षा होते, असं भरतीवाले हमखास ऐकवतात. होते, पण शीत त्याच भांड्यातलं काढावं लागतं. घाईच्या फोनवर जे तपासलं जातं ते बहुतेक वेळा इंग्रजीचा सफाईदारपणा आणि अचानक आलेल्या प्रश्नाला न अडखळता तोंड देण्याची सवय. फोनवर चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत, कागद दिसत नाही, फक्त आवाज. विचार करायला घेतलेले चार सेकंद समोर बसलेल्या माणसाला विचार वाटतात, फोनवर तेच चार सेकंद अज्ञान वाटतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं मनात वाक्य जुळवून मग बोलतात. त्यांना हे चार सेकंद लागतातच. ज्या कामात दिवसभर ग्राहकाशी बोलायचं आहे तिथे बोलण्याची परीक्षा अवश्य घ्या. पण टेस्टिंगला, डिझाइनला, हिशेबाला घेताना बोलण्याचे गुण का मोजायचे?

भोसरीत टूलरूमला माणूस घेताना आम्ही काय करायचो ते सांगतो, कारण वाद घालणाऱ्या जुन्या मंडळींना गेटवरचं ऊन आठवतं पण गेटच्या आत काय व्हायचं ते आठवत नाही. आत ट्रेड टेस्ट व्हायची. हातात ड्रॉइंग द्यायचं, साध्या पोलादाचा (एमएस) एक तुकडा द्यायचा आणि लेथ दाखवायचं. एक मुलगा आला होता, आयटीआय झालेला, बीड जिल्ह्यातला. नावाव्यतिरिक्त एक वाक्य धड बोलला नाही. मशीन सुरू करण्याआधी त्याने व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, घेतलं, जबडे पुसले, बंद करून शून्य जुळतंय का ते बघितलं. जुळत नव्हतं, टेस्टसाठी ठेवलेलं जुनं व्हर्निअर होतं, दोन भागांचा फरक दाखवत होतं, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. त्याने कुणाला काही न सांगता कागदाच्या कोपऱ्यावर तेवढा आकडा लिहून ठेवला आणि प्रत्येक मापातून वजा करत काम केलं. आमच्या फोरमननी तयार झालेला तुकडा मोजायच्या आधी तो कागद पाहिला आणि तिथेच ठरलं. हा मुलगा आजच्या फोनवर कितव्या प्रश्नापर्यंत टिकला असता? ट्रेड टेस्टला आमचा अर्धा दिवस जायचा, म्हणून सगळ्यांची घेत नव्हतो. गेटवर सर्टिफिकेट बघायचो, पाळीत यायला तयार आहे का विचारायचो आणि बाकीच्यांना तिथूनच परत पाठवायचो. पण तुला काम येत नाही, असं गेटवर कुणाला सांगत नव्हतो. ते सांगायचा अधिकार लेथपाशी उभ्या असलेल्या माणसाचा.

गर्दी आवरणं आणि विद्या जोखणं ही दोन कामं वेगळी आहेत, हे या शहराला पेशवाईतही माहीत होतं. श्रावणात दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात यायचे. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात, म्हणजे भिंत घातलेल्या मोठ्या आवारात, मोठा जमाव कोंडून एकेकाला बाहेर सोडत दक्षिणा दिली जायची. तिथे कुणाच्या वेदपठणाचा कस लागत नसे, लागणं शक्यही नव्हतं. विद्वानांची परीक्षा शास्त्री वेगळी घेत आणि त्यांचा मान वेगळा ठरे. त्या व्यवस्थेचं दार एकाच जातीला उघडं होतं, बाकीचा समाज रमण्याच्या भिंतीबाहेर होता, आणि म्हणून ती आदर्श म्हणून सांगण्यासारखी मुळीच नाही. पण रमण्याच्या दारात उभं राहून शास्त्रार्थाचा निकाल लावू नये, एवढी समज तिच्यात होती. आज दार सगळ्यांना उघडं आहे, हा फार मोठा पल्ला आपण गाठला. दारातच निकाल लावायला लागलो तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय?

या घाईत सगळ्यात जास्त भरडली जातात ती सदाशिव पेठेतून बाहेर पडणारी मुलं. एमपीएससीची तयारी करण्यात ज्यांची पाच-सहा वर्षं गेली, प्रिलिम निघाली, मेन्स निघाली, मुलाखतीपर्यंत पोचली आणि थोडक्यात राहिली, अशी मुलं एकोणतिशी-तिशीत खासगी नोकरी शोधायला लागतात. ती ज्या जगातून येतात तिथे मुलाखतीला किती गुण हे आधी छापलेलं असतं, समोर पॅनेल बसतं, गुण नंतर कळतात. आवडो न आवडो, का राहिलो ते आकड्यांत समजतं. या मुलांना फोनवर पहिलाच प्रश्न येतो, ग्रॅज्युएशननंतर गॅप का आहे? याचं खरं उत्तर दोन मिनिटांत मावणारं नाही. अभ्यासिकेत रोज बारा तास बसून राज्यघटना, अर्थव्यवस्था, महाराष्ट्राचा भूगोल वाचलेला माणूस एखाद्या कंपनीच्या समाजकार्य पाहणाऱ्या सीएसआर विभागाला, सरकारी कंत्राटांचं काम पाहणाऱ्या कचेरीला किती उपयोगी पडेल, हे कळायला त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलावं लागेल. पण ‘गॅप’च्या चौकटीत ‘एमपीएससी’ भरलं जातं आणि पुढे कुणी वाचत नाही. इतकी शिकलेली, इतकी शिस्त लागलेली माणसं या शहरात पेठापेठांतून बसली आहेत आणि त्यांना चाळायला आपण पाच मिनिटंही पुरती देत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

मुलींना त्याच पाच मिनिटांत आणखी एक प्रश्न येतो: लग्न झालंय का, ठरतंय का? १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच भरतीत स्त्री म्हणून डावलायला बंदी घातली होती. समोरासमोर, तीन माणसांच्या देखत हा प्रश्न विचारायला आज बरेच जण कचरतात. फोनवर कचरत नाहीत, कारण तिथे साक्षीदार नसतो.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. समजा एका जागेसाठी साठ जणांशी बोलायचं आहे. प्रत्येकी वीस मिनिटं म्हटलं तर वीस तास, पाच मिनिटं म्हटलं तर पाच. वाचले पंधरा तास. घेतलेला माणूस वर्षाला दोन हजार तास काम करणार, आणि तो चुकीचा निघाला तर त्याला शिकवण्यात, निभावून नेण्यात, सहा महिन्यांनी बदलण्यात जाणारे तास वेगळेच. शिवाय साठही जणांना वीस मिनिटं द्या असं मी म्हणतच नाही. माहिती जुळवणारा पाच मिनिटांचा फोन साठ जणांना करा. त्यातून उरलेल्या पंधरा जणांना वेळ ठरवून वीस मिनिटं द्या. ते होतात पाच आणि पाच, दहा तास. बाकीच्या पंचेचाळीस जणांना दोन ओळींचा मेल पाठवायला संगणकाला काय कष्ट पडतात? तुमचा नोटीस पिरियड आम्हाला चालणारा नाही, असं कळलं तर माणूस निदान स्वतःच्या ज्ञानावर संशय घेत बसत नाही. नऱ्ह्याच्या त्या मुलीने पुढचे कितीतरी दिवस जॉइनचाच अभ्यास केला. कदाचित तिचा पगाराचा आकडा जुळला नसेल.

हे कुठून सुरू करायचं? एकट्या उमेदवाराला फोनवर ‘संध्याकाळी सहाला करा’ म्हणायची भीती वाटते आणि ती भीती खरी आहे; परत फोन येईलच याची खात्री नसते. ज्यांना म्हणता येतं ते आपल्या कॉलेजांचे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट अधिकारी. कॅम्पसवर येण्याआधी कंपन्यांकडून ते फॉर्म भरून घेतात: पद कुठलं, पगार किती, बॉण्ड आहे का, दहावी-बारावीला किती टक्के हवेत, किती बॅकलॉग चालतील. उमेदवाराकडून काय हवं याचे रकाने त्यात भरपूर आहेत. त्याच फॉर्मात आणखी तीन रकाने घाला: फोन करणार असाल तर किती तास आधी कळवाल, बोलणारी व्यक्ती त्या कामातली आहे का, आणि निकाल किती दिवसांत द्याल. पुण्यात इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची इतकी कॉलेजं आहेत की त्यातल्या मोजक्या मोठ्या कॉलेजांनी हे केलं तरी कंपन्यांना दखल घ्यावी लागेल. जी कंपनी हे रकाने कोरे सोडेल तिला कॅम्पसवर पहिल्या दिवसाचा स्लॉट देऊ नये.